मल्टिपल स्क्लेरोसिस आणि चालण्या-फिरण्याची सहाय्यक साधने : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घकालीन आजार आहे. त्यात चालण्याची क्षमता एकाएकी व कायमची नष्ट होतेच असे नाही. ती कमी-अधिक होत राहते. काठी, कुबडी, चाकांची खुर्ची आणि विजेवर चालणारी स्कूटर या साधनांचा इतिहास सामान्यतः युद्धातील जखमी सैनिक व पोलिओग्रस्त यांच्या संदर्भात लिहिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हा इतिहास मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या व्यक्तींच्या बाजूने पाहिला आहे. साधनांची रचना, रोगमापनाची पद्धती आणि शासकीय नियम या तिन्ही क्षेत्रांत ‘चालता येणारे’ व ‘चालता न येणारे’ असे दोनच वर्ग गृहीत धरले गेले आणि या दोहोंच्या मध्ये असलेली व्यक्ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मल्टिपल स्क्लेरोसिस, सहाय्यक साधने, चाकांची खुर्ची, अपंगत्वाचे मापन, दिव्यांग हक्क.

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात रोग, औषधे आणि वैद्य यांना मानाचे स्थान मिळते; रुग्णाच्या हातातील काठीला ते सहसा मिळत नाही. वस्तुतः ज्या आजारावर औषध नव्हते, त्या आजारात माणसाचे रोजचे जीवन औषधापेक्षा काठीवर आणि खुर्चीवर अधिक अवलंबून होते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा असाच एक आजार. फ्रेंच वैद्य ज्याँ-मार्तें शार्को यांनी पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६८ मध्ये या आजाराचे स्वतंत्र रोग म्हणून पद्धतशीर वर्णन केले. त्याची वाटचाल काही प्रमाणात बदलू शकणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा-१बी, अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले. मधल्या सव्वाशे वर्षांत या रुग्णांपाशी खात्रीचे असे जे काही होते, ते म्हणजे चालण्या-फिरण्याची साधने होत.

तथापि ही साधने प्रामुख्याने अन्य प्रकारच्या अपंगत्वासाठी घडविली गेली. ती मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या व्यक्तीच्या हाती आली तेव्हा काय घडले, ती कोणाला मिळाली व कोणाला नाकारली गेली, आणि ती नाकारण्यामागे कोणता विचार होता, हे प्रश्न केवळ वैद्यकीय नाहीत. ते सामाजिक इतिहासाचेही प्रश्न आहेत.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संदर्भात चालण्या-फिरण्याच्या साधनांच्या विकासातील प्रमुख टप्पे पाहणे.
२) रोगमापनाच्या पद्धतीत या साधनांना कोणता अर्थ दिला गेला, हे तपासणे.
३) ब्रिटन, अमेरिका व भारत येथील शासकीय नियमांचा या रुग्णांवर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

३. अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनसामग्रीवर आधारित आहे. अभ्यासाचा काळ ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून २०१६ च्या भारतीय कायद्यापर्यंतचा आहे. औषधोपचारांचा इतिहास आवश्यक तेवढाच विचारात घेतला आहे.

४. विषय विवेचन

४.१ आजाराचे स्वरूप आणि चालण्याचा प्रश्न

मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवरील वेष्टनाप्रमाणे ते संदेशवहनाला मदत करते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच या आवरणावर हल्ला करते आणि मेंदू व मज्जारज्जूत ठिकठिकाणी व्रण निर्माण होतात. व्रण कोठे आहे यावर लक्षण अवलंबून असते. पायांत ताठरपणा येणे, तोल जाणे, चालताना पाऊल जमिनीला घासणे, दृष्टी मंदावणे, हातांतील नेमकेपणा कमी होणे आणि विश्रांतीनेही न सरणारा थकवा येणे, ही त्यांतील काही लक्षणे होत. आजाराची सुरुवात बहुधा वीस ते चाळीस या वयात होते व स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. म्हणजे शिक्षण, नोकरी, संसार आणि लहान मुले यांच्या ऐन काळात हा आजार माणसाला गाठतो.

या आजाराची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे त्याची चंचलता. अनेक रुग्णांमध्ये लक्षणे उफाळतात, ओसरतात व पुन्हा उफाळतात. एकाच दिवसातही सकाळी जिना चढणारी व्यक्ती दुपारी खोलीच्या दारापर्यंत जाऊ शकत नाही, असे घडते. दुसरे म्हणजे उष्णतेचा परिणाम. शरीराचे तापमान वाढले की लक्षणे तात्पुरती बळावतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० च्या सुमारास शारीरिक श्रमानंतर दृष्टी मंदावत असल्याची नोंद केली होती. ही घटना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाय गमावलेल्या सैनिकाची स्थिती आज जशी असते तशीच उद्याही असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र ‘या व्यक्तीला चालता येते काय?’ या प्रश्नाला एक कायमचे उत्तर नसते.

४.२ रोजनिशीतील खुर्ची : ऑगस्टस देस्त

शार्को यांनी वर्णन करण्यापूर्वीच्या काळातील एका रुग्णाची स्वतःची नोंद उपलब्ध आहे. ऑगस्टस देस्त (१७९४–१८४८) हे इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू. त्यांच्या आईवडिलांचा विवाह राजघराण्याच्या विवाहविषयक कायद्यान्वये रद्द ठरविण्यात आला होता. १८२२ च्या डिसेंबरात एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर त्यांची दृष्टी अचानक मंदावली व काही काळाने पूर्ववत झाली. १८२७ मध्ये फ्लॉरेन्स येथे असताना एक वस्तू दोन दिसू लागली आणि पायांतील शक्ती गेली. तीही बऱ्याच अंशी परत आली. पुढील दोन दशके त्यांनी आपल्या शरीरातील बदल बारकाईने लिहून ठेवले. १८४४ पासून ते चाकांची खुर्ची वापरू लागले. ही रोजनिशी डग्लस फर्थ यांनी १९४८ मध्ये प्रकाशात आणली आणि वर्णन केलेला आजार मल्टिपल स्क्लेरोसिसच असावा, हे मत रूढ झाले.

देस्त यांच्या काळात चाकांची खुर्ची नवी नव्हती. न्यूरेंबर्गजवळचे घड्याळजी श्टेफान फार्फ्लर यांनी स्वतः अपंग असल्याने १६५५ मध्येच हाताने फिरवावयाची तीनचाकी गाडी तयार केली होती. इंग्लंडमधील बाथ या आरोग्यस्नानाच्या गावी अठराव्या शतकाच्या मध्यापासून ‘बाथ चेअर’ प्रचारात आली. मात्र बाथ चेअर दुसऱ्याने ओढायची किंवा ढकलायची असे. नोकरचाकर असलेल्या घरातील माणूस तिच्यातून हिंडू शकत होता. ज्याला ढकलायला कोणी नाही, त्याच्यासाठी ती निरुपयोगी होती. देस्त यांच्या नोंदीचे ऐतिहासिक मूल्य आणखी एका कारणाने आहे. पहिल्या लक्षणापासून खुर्चीपर्यंत सुमारे बावीस वर्षे गेली. या बावीस वर्षांत ते ना पूर्ण निरोगी होते, ना पूर्ण अपंग. हाच मधला दीर्घ काळ पुढील साधननिर्मात्यांच्या व नियमकर्त्यांच्या नजरेतून सुटला.

४.३ आधुनिक खुर्ची आणि तिचा गृहीत वापरकर्ता

विसाव्या शतकातील चाकांच्या खुर्चीचे रूप ठरविणारी घटना अमेरिकेत घडली. खाणअभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट यांना १९१८ मधील खाण-अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली होती. त्यांनी व त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पोलादी नळ्यांची, घडी घालता येणारी खुर्ची तयार केली. मोटारीत ठेवता येणारी ही खुर्ची लवकरच जगभर नमुना म्हणून मान्य झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हात-पाय लुळे पडलेल्या सैनिकांसाठी कॅनडातील अभियंता जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची विकसित केली व १९५० नंतरच्या दशकात तिचे उत्पादन सुरू झाले.

या दोन्ही साधनांचे उपकार थोर आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या रचनेत एक विशिष्ट वापरकर्ता गृहीत धरला होता. घडीच्या खुर्चीचा वापरकर्ता पाय लुळे पण हात बळकट असलेला मनुष्य होता. चाके तो स्वतः रेटणार होता. विजेच्या खुर्चीचा वापरकर्ता चालण्याची शक्यताच उरलेली नाही असा मनुष्य होता. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेली व्यक्ती या दोन्ही साच्यांत नीट बसत नव्हती. चाके रेटताना तिचे हात थकत, श्रमाने शरीर तापे आणि लक्षणे बळावत. उलट जड विद्युत खुर्चीत बसावे तर घरातील दहा-वीस पावले तिला अजून टाकता येत होती. चालता येत असेल तर काठी, येत नसेल तर खुर्ची, याखेरीज तिसरा पर्याय उपलब्ध नव्हता.

४.४ साधन हेच रोगाचे माप

याच काळात रोगमापनाच्या क्षेत्रात एक महत्त्वाची घटना घडली. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ जॉन कुर्त्झ्के यांनी १९५५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे येणाऱ्या अपंगत्वाची शून्य ते दहा अशी श्रेणी मांडली. १९८३ मध्ये तिचे विस्तारित, अर्ध्या-अर्ध्या अंकांचे रूप प्रसिद्ध झाले. शून्य म्हणजे तपासणीत कोणताही दोष नाही आणि दहा म्हणजे या आजाराने मृत्यू. या श्रेणीच्या मध्यभागापासून पुढे मापनाचा आधार मुख्यतः चालण्याचे अंतर व चालण्याचे साधन हाच आहे. विनाआधार सुमारे ५०० मीटर चालता आले तर ४, २०० मीटर चालता आले तर ५. सुमारे १०० मीटरसाठी एका बाजूने काठी किंवा कुबडी लागली की ६. दोन्ही बाजूंनी आधार घेऊन सुमारे २० मीटर जाता आले तर ६.५. आधार घेऊनही सुमारे ५ मीटरपलीकडे जाता येत नसेल व व्यक्ती मुख्यतः खुर्चीपुरती मर्यादित असेल तर ७.

या श्रेणीचे शास्त्रीय महत्त्व मोठे आहे. तिच्यामुळे निरनिराळ्या देशांतील रुग्णांची तुलना शक्य झाली व औषधांच्या चाचण्यांना समान माप मिळाले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन शहरी झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार औषधपूर्व काळातील रुग्णांपैकी निम्म्या रुग्णांना आजाराच्या प्रारंभापासून सुमारे १५ वर्षांत सहाव्या पायरीवर, म्हणजे काठीच्या गरजेपर्यंत, यावे लागले होते. असे माप नसते तर औषधाचा उपयोग होतो की नाही हे सिद्ध करणे कठीण झाले असते.

परंतु या मापाचा एक परिणाम असा झाला की, साधन हे रोगाच्या प्रगतीचे चिन्ह ठरले. काठी घेतली की रुग्ण सहाव्या पायरीवर ‘गेला’. खुर्ची घेतली की सातव्या पायरीवर ‘पोचला’. वास्तविक काठीमुळे त्या व्यक्तीचे बाजारात जाणे पुन्हा शक्य झाले असेल, खुर्चीमुळे ती दिवसभर नोकरी करू शकत असेल. श्रेणीत त्याची नोंद होत नाही. जे साधन माणसाला पुढे नेते, तेच तक्त्यावर त्याची घसरण म्हणून लिहिले जाते. हातांचे कार्य, थकवा आणि विचारशक्ती यांना या श्रेणीच्या वरच्या भागात पुरेसे स्थान नाही, ही टीका मज्जाविकारतज्ज्ञांनी स्वतःही केली आहे. डॉक्टरांच्या दालनात तयार झालेला हा अर्थ घराघरांत पोचला असल्यास नवल नाही. काठी घेण्याचा सल्ला रुग्णाला मदतीसारखा वाटण्याऐवजी निकालासारखा वाटू लागतो, त्यामागे हा अर्थही असतो.

४.५ घरातून आलेले साधन : तीनचाकी स्कूटर

मधल्या स्थितीतील व्यक्तीसाठी साधन घडले ते प्रयोगशाळेत किंवा सैनिकी रुग्णालयात नव्हे, तर एका घराच्या गॅरेजमध्ये. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ब्रिजपोर्ट येथे ॲलन थीमे यांचा नळजोडणीचा व घरे उबदार ठेवणारी यंत्रणा बसविण्याचा व्यवसाय होता. त्यांच्या कुटुंबात मल्टिपल स्क्लेरोसिसने शिरकाव केला होता. १९६८ मध्ये त्यांनी बॅटरीवर चालणारी, पुढे दांडा व मागे खुर्ची असलेली छोटी तीनचाकी गाडी तयार केली. स्पॅनिश भाषेतील ‘मित्र’ या अर्थाचा ‘अमिगो’ हा शब्द त्यांनी तिला नाव म्हणून दिला. पुढे सर्वत्र प्रचलित झालेल्या अपंगांच्या विद्युत स्कूटरची ही सुरुवात मानली जाते.

या गाडीची रचना लक्षपूर्वक पाहिली तर तिच्यामागील वेगळे गृहीतक ध्यानात येते. तिला रेटण्यासाठी बळकट हात लागत नव्हते. खुर्ची बाजूला वळविता येत असल्याने तिच्यावरून उठून दोन पावले चालणे, कपाटातील वस्तू घेणे व पुन्हा बसणे शक्य होते. म्हणजे वापरकर्ता थोडेफार चालू शकतो, पण दूरवर चालू शकत नाही, हे तिच्यात आरंभापासूनच मान्य केलेले होते. थकवा हा आळस नसून अपंगत्वाचा एक प्रकार आहे, ही गोष्ट वैद्यकीय श्रेणीपेक्षा या गॅरेजातील गाडीने अधिक स्पष्टपणे ओळखली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शक्ती वाचवून ती हव्या त्या कामासाठी वापरता येणे, हा या साधनाचा खरा लाभ होता.

याच दिशेने आणखी एक प्रयत्न झाला. चालताना पाऊल उचलले न जाणे ही या आजारातील नेहमीची अडचण. व्लादिमिर लिबरसन यांनी १९६१ मध्ये अर्धांगवाताच्या रुग्णांसाठी पायाच्या मज्जातंतूला ठरावीक क्षणी सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाऊल उचलण्याची पद्धत मांडली. पुढे इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे विकसित झालेली अशी उपकरणे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठीही वापरली जाऊ लागली. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये, मेंदू वा मज्जारज्जूच्या विकाराने पाऊल पडत असल्यास ही पद्धती वापरण्यास अनुकूल मत दिले.

४.६ दिसणारी काठी, न दिसणारा आजार

साधनाचा सामाजिक अर्थ समजून घेण्यासाठी बार्बरा जॉर्डन यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. टेक्सासमधून निवडून आलेल्या या कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्येस १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीत त्यांनी केलेले भाषण व १९७६ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील बीजभाषण यांनी त्या देशभर गाजल्या. ही दोन्ही भाषणे निदानानंतरची आहेत. १९७९ मध्ये काँग्रेस सोडून त्या टेक्सास विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. प्रथम काठी, मग वॉकर व अखेर चाकांची खुर्ची अशी साधने बदलत गेली, तरी आजाराचे नाव त्यांनी अनेक वर्षे सार्वजनिक केले नाही. १९९२ च्या पक्ष-अधिवेशनात त्यांनी पुन्हा बीजभाषण केले, ते खुर्चीत बसून. श्रेणीच्या भाषेत त्यांची ही वाटचाल केवळ घसरणीची ठरेल; सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात मात्र ती तशी ठरत नाही.

निबंधलेखिका नॅन्सी मेअर्स (१९४३–२०१६) यांनी याच्या उलट मार्ग पत्करला. ‘वेस्ट-हाय इन द वर्ल्ड’ या १९९६ मधील पुस्तकात त्यांनी या आजारासह खुर्चीत बसून जगाकडे पाहण्याचा अनुभव नाव घेऊन, संकोच न ठेवता मांडला. लपविणे आणि उघड बोलणे या दोन्ही भूमिकांमागे एकच सामाजिक वास्तव होते. साधन दिसताच समाज त्या व्यक्तीविषयी निर्णय करून मोकळा होतो. आणि कधी खुर्चीत, कधी पायांवर दिसणाऱ्या व्यक्तीवर तर तो ढोंगाचा संशयही घेतो.

४.७ नियमांची रेषा : ब्रिटन व अमेरिका

साधन अस्तित्वात असणे आणि ते हाती पडणे यांत अंतर असते. हे अंतर शासकीय नियम ठरवितात. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर शासनाकडून अपंगांना एकआसनी तीनचाकी वाहने विनामूल्य दिली जात. निळ्या रंगाची ही वाहने स्वतः चालवू शकणाऱ्यांसाठीच होती आणि त्यांत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. ज्या आजारात दृष्टी व हात यांचाच भरवसा नाही आणि ज्यात रुग्णांमध्ये तरुण मातांची संख्या मोठी आहे, त्या आजारासाठी ही योजना किती अपुरी होती हे सांगणे न लगे. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या मेगन दु ब्वासाँ यांनी बेरिट मूर यांच्यासह १९६५ मध्ये अपंगांच्या उत्पन्नाचा प्रश्न हाती घेणारी संघटना स्थापन केली. विम्याची वर्गणी न भरलेल्या अपंग गृहिणीला राज्य काहीच देत नाही, हा तिचा मुख्य आक्षेप होता. मेगन यांचे १९६९ मध्ये मोटार अपघातात निधन झाले, परंतु चळवळ पुढे चालू राहिली. १९७६ मध्ये वाहनाऐवजी रोख प्रवासभत्ता सुरू झाला व १९७७ मध्ये त्या भत्त्यातून मोटार भाड्याने घेण्याची ‘मोटॅबिलिटी’ योजना आली. जुनी निळी वाहने २००३ मध्ये रस्त्यांवरून कायमची हटविण्यात आली.

या भत्त्यासाठी ‘चालू न शकणारी किंवा जवळजवळ चालू न शकणारी’ व्यक्ती पात्र होती. ‘जवळजवळ’ या एका शब्दाने मधल्या स्थितीला प्रथमच जागा दिली. पुढे २०१३ मध्ये आलेल्या नव्या योजनेत चालण्याच्या वरच्या दराच्या भत्त्यासाठी २० मीटरचे अंतर निर्णायक ठरविण्यात आले. पूर्वी व्यवहारात ५० मीटर हे अंतर धरले जाई. तेथील मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटीने या नियमाला सातत्याने विरोध केला. २१ मीटर चालू शकणारी व्यक्ती आणि १९ मीटर चालू शकणारी व्यक्ती यांच्या जीवनात फारसा फरक नसतो. मात्र एकीची मोटार जाते आणि दुसरीची राहते. नियमात कृती सुरक्षितपणे व पुनःपुन्हा करता आली पाहिजे, अशी अट आहे हे खरे. पण तपासणीच्या एका सकाळी ‘पुनःपुन्हा’ कसे मोजावयाचे, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील मेडिकेअर योजनेत २००५ पर्यंत चाकांच्या खुर्चीसाठी निकष होता तो ‘अन्यथा अंथरुणाला वा खुर्चीला खिळलेली व्यक्ती’ असा. घरात चार पावले टाकणारी व्यक्ती या निकषावर अडत असे. २००५ मध्ये हा निकष बदलून स्नान, जेवण, वेशभूषा इत्यादी दैनंदिन कामे करता येतात की नाहीत, याचा विचार सुरू झाला. साधनाची गरज घराच्या आत असली पाहिजे, ही अट मात्र त्यानंतरही राहिली. त्यामुळे बाहेरच्या जगासाठी जन्मलेली स्कूटर मिळावी की नाही, हे स्वयंपाकघरात ती वळते की नाही यावरून ठरू लागले. माणूस घरात नीट वावरला म्हणजे पुरे, त्याने बाहेर जावेच कशाला, असा अर्थ त्या अटीतून निघतो.

४.८ भारतीय संदर्भ

भारतात अपंगांसाठी साधने बनविण्याकरिता १९७२ मध्ये कानपूर येथे शासकीय महामंडळ स्थापन झाले व साधनांच्या वाटपासाठी १९८१ मध्ये केंद्र शासनाची अर्थसाहाय्य योजना सुरू झाली. या योजनेची सर्वपरिचित खूण म्हणजे हाताने चालवावयाची तीनचाकी सायकल. पोलिओने पाय लुळे पडलेल्या, पण खांदे व दंड बळकट असलेल्या असंख्य तरुणांना या सायकलने शाळा, रोजगार आणि स्वातंत्र्य दिले. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या व्यक्तीसाठी मात्र तेच साधन अडचणीचे ठरते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात हातांनी सायकल ओढणे म्हणजे उथॉफ यांनी नोंदविलेल्या घटनेला आमंत्रण देणेच होय. साधन एकच, एकाला ते मुक्त करते, दुसऱ्याला थकवून थांबविते.

मुंबई येथे १९८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली व पुण्यासह अन्य शहरांत तिच्या शाखा निघाल्या. त्यामुळे विखुरलेल्या रुग्णांना परस्परांचा आधार मिळाला. कायद्याने मात्र त्यांची दखल उशिरा घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारची अपंगत्वे मान्य होती. त्यातील चलनवलनविषयक अपंगत्वाची व्याख्या हाडे, सांधे किंवा स्नायू यांच्या विकारापुरती होती; तीत मेंदूच्या पक्षाघाताखेरीज मज्जासंस्थेच्या अन्य विकारांचा नामनिर्देश नव्हता. ज्या व्यक्तीची हाडे, सांधे व स्नायू मुळात शाबूत आहेत, पण त्यांना आज्ञा पोचविणारी तार तुटली आहे, ती या व्याख्येच्या उंबऱ्यावरच उभी राहिली.

साधनवाटपाच्या योजनेत २०१४ मध्ये मोटारयुक्त तीनचाकी व खुर्ची यांचा समावेश झाला, तो तीन वा चारही अवयव किंवा शरीराची एक बाजू गंभीरपणे बाधित असलेल्यांसाठी. येथेही गंभीर अवस्था येईपर्यंत वाट पाहणे आलेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही उणीव मोठ्या अंशाने दूर केली. मान्य अपंगत्वांची संख्या २१ झाली, दीर्घकालीन मज्जाविकार या वर्गात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश झाला आणि चलनवलनविषयक अपंगत्वाच्या व्याख्येत मज्जासंस्थेचा उल्लेख आला. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. तथापि अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. तपासणीच्या दिवशी बरी असलेली व्यक्ती आणि महिनाभराने उठू न शकणारी तीच व्यक्ती यांना एकच टक्केवारी कशी लावावयाची, हा प्रश्न कायद्याने पूर्णपणे सोडविलेला नाही.

५. निष्कर्ष

१) मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनी वापरलेली बहुतेक साधने अन्य प्रकारच्या, स्थिर स्वरूपाच्या अपंगत्वासाठी घडविली गेली. थोडे चालू शकणाऱ्या, पण लवकर थकणाऱ्या व्यक्तीचा विचार १९६८ च्या स्कूटरपर्यंत अपवादानेच झाला आणि तो कुटुंबातील गरजेतून झाला.

२) १९५५ व १९८३ च्या रोगमापन श्रेणींनी संशोधनाला आवश्यक शिस्त दिली, परंतु त्यांनी काठी व खुर्ची यांना रोगाच्या प्रगतीचे चिन्ह बनविले. साधनामुळे परत मिळालेले जीवन मोजण्याची सोय त्यांत नव्हती.

३) ब्रिटनमधील २० मीटर, अमेरिकेतील ‘खिळलेली व्यक्ती’ व ‘घराच्या आत’ ही अट आणि भारतातील ४० टक्के या रेषा निरनिराळ्या दिसत असल्या, तरी त्यांमागील विचार एक आहे. बदलत्या शरीराला न बदलणाऱ्या रेषेने मोजण्याचा तो प्रयत्न आहे.

४) ऑगस्टस देस्त यांच्या आयुष्यातील पहिल्या लक्षणापासून खुर्चीपर्यंतची बावीस वर्षे हाच या इतिहासाचा खरा मध्य आहे. बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य या मधल्या काळात जाते. साधन वेळेपूर्वी दिले तर रुग्ण चालणे सोडून देईल, ही भीती वारंवार व्यक्त होते. साधन वेळेवर न मिळाल्याने नोकरी, शिक्षण व माणसांतील वावर सुटतो, याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

उच्च शिक्षण संस्थांच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध साधा आहे. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारी उतार बांधला की सुगम्यतेचे काम संपले, असे मानले जाते. परंतु प्रवेशद्वारापासून वर्गापर्यंतचे अंतर, वाटेत बसण्यासाठी एखादा बाक, उद्वाहक चालू स्थितीत असणे, उन्हाळी परीक्षेत हवेशीर व तळमजल्यावरची खोली आणि आज काठी घेऊन, उद्या खुर्चीत व परवा पायी आलेल्या विद्यार्थिनीकडे वा सहकाऱ्याकडे संशयाने न पाहणे, या गोष्टीही सुगम्यतेतच मोडतात. माणूस चालतो की नाही, यापेक्षा त्याला जावयाचे आहे तेथे पोचता येते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि साधनांच्या इतिहासाने तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे.